सातव्या वळणावरची कापडं

एव्हारिस्तमामा बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. तो पायांकडे बघतो, आणि पायांखालच्या जमिनीकडे. तीस वर्षं खाणीच्या रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवल्याची ही सवय. एकदा नाताळच्या आधीच्या रविवारी प्रवचन ऐन रंगात असताना पाऊस सुरू झाला, आणि मामा चर्चमधून उठून बाहेर गेला. पाद्रीबाबांना वाटलं, आपलं काही बोलणं लागलं त्याला. प्रार्थना संपवून आम्ही बाहेर आलो, तर मामा इस्त्रीच्या सदऱ्यात, गुडघाभर लाल चिखलात उभा राहून चर्चमागचं गटार फावड्यानं मोकळं करत होता.

लुईझामामी म्हणाली, "आज तरी देवाकडे लक्ष द्यायचंस."

"त्याचंच घर वाचवतोय. विचार त्याला, आला का हात द्यायला?"

आमच्या नेपोरूच्या डोक्यावरची निकेलची खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली. कंपनीनं फाटकाला साखळी लावली, कार्यालयाच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या आणि ती गेली. मागे उरला वरून कापलेला लाल डोंगर, त्याला गुंडाळलेला रस्ता, रस्त्याकडेची गटारं, मोऱ्या आणि गाळ अडवायची चार तळी. डोंगरावर झाड नाही, त्यामुळे पाऊस पडला की सगळी माती खाली यायला निघते. खाली आमचे टारोच्या कंदांचे वाफे, शाळा, घरं, आणि मग समुद्र. मामा आखूड दांड्याचं फावडं घेऊन आठवड्यातले तीन दिवस वर जायचा आणि गटारं उपसायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यातला गुरुवार मात्र गटारांचा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सेलेस्तँ माझा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी, खाण जोरात चालू असताना, जानेवारीतल्या वादळी पावसात सातव्या वळणावर रस्त्याची कड सुटली आणि त्याचा बुलडोझर दरडीबरोबर खाली गेला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, मी आठ. चार दिवसांनी चिखल उपसून यंत्र काढलं. दार आतून बंद होतं आणि आत कुणी नव्हतं. महिनाभर शोधलं. एक बूटसुद्धा मिळाला नाही.

मूल जन्मलं की आमच्यात मामा त्याच्या कानात फुंकर घालतो. श्वास मामाकडचा. म्हणून माणूस गेला की देह मामाच्या माणसांसमोर ठेवायचा, त्यांना मान द्यायचा, तेव्हा दुखवटा सुटतो. सेलेस्तँच्या कानात एव्हारिस्तमामानंच फुंकर घातली होती. पण समोर ठेवायला देहच नव्हता, तेव्हा सुटणार काय? मामानं वळणाच्या दोन्ही टोकांना एकेक खांब रोवला आणि त्याला गवताची गाठ बांधली. सेलेस्तँ सापडेपर्यंत इथे कुणाचा पाय पडणार नाही. कंपनीच्या साहेबांनी दोन दिवस कुरकुर केली. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या गाठीपलीकडे ट्रक न्यायला एकही ड्रायव्हर मिळणार नाही, आणि त्यांनी वरून फेरा घालून नवा रस्ता काढला.

दर जानेवारीत आम्ही वरच्या खांबाशी, गटाराच्या काठावर, कापडाची एक घडी ठेवायचो. वर दगड. पहिल्या वर्षी आईनं ठेवली ती निळी, पांढऱ्या फुलांची. महिनाभरानं बघावं तर दगड तिथेच असायचा आणि कापड नसायचं. वाऱ्यानं गेलं म्हणावं, तर खाली कुठल्या झुडपात अडकलेलं कधी दिसलं नाही. म्हाताऱ्या म्हणायच्या, नेतो तो. मी लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करायची, एवढ्या कापडांचं तो करतो काय. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून कापड मामी ठेवायची.

राजधानीत, नूमेआत शिकून मी फ्रान्सला गेले, तिथून परत आले आणि खाणींची तपासणी करणाऱ्या खात्यात लागले. पहिल्याच वर्षी माझ्या यादीत नेपोरू आलं. जाण्याआधी जुने अहवाल काढले. अकरा वर्षांचे अकरा कागद, आणि प्रत्येकावर एकच वाक्य होतं. वळण सात: गटार स्वच्छ, गाळ नाही. शेवटच्या पाच कागदांवरचं अक्षर सोसेफोचं.

सोसेफो माझा वरिष्ठ. वालिस बेटाचा, इतका रुंद की दारातून तिरका होऊन आत येणारा माणूस.

"तुम्ही तिथे चालत गेला होतात?" मी विचारलं.

"तुझ्या मामानं गाठ बांधलीय आणि मी चालत जाऊ? मला बायको आहे, चार पोरं आहेत. खांबापाशी उभा राहतो, दुर्बीण लावतो. स्वच्छ दिसतं, स्वच्छ लिहितो."

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी आम्ही मामाच्या अंगणात पोचलो. पहाटेपासून भुरभुर होती. सोसेफोनं मान खाली घालून कापडाची घडी आणि तंबाखूची पुडी मामासमोर धरली आणि दोन शब्द बोलला, तुमच्या जमिनीवर पाय ठेवतोय, वाट द्या. मामानं घडीला हात लावला, घरात गेला आणि हातभर लांबीचा याम, आमच्यातला मानाचा कंद, आणून सोसेफोच्या हातात ठेवला. घेणाऱ्यानं काहीतरी परत द्यायचं असतं, नाहीतर रीत अर्धी राहते.

"दरवर्षी याम लहान होत चाललाय, एव्हारिस्तदादा," सोसेफो म्हणाला.

"याम तेवढाच आहे. तू वाढलास."

मामीनं चहा आणि उकडलेला टारो पुढे ठेवला. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "साहेबीण झालीस गं. आता आमच्या झऱ्याची पण तपासणी कर. खाणीनं वर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी फुटलाय. तीन वर्षं झाली, आटत नाही. कपडे धुवायला ओढ्यावर जायला लागत नाही आता."

"आधी नव्हता?"

"आधी कुठला? तुझ्या आईला दाखवलं होतं मी. ती म्हणाली, पूर्वजांनी दिला." मामीनं मामाकडे डोळे वळवले. "ह्यांना मात्र तिकडे बघायला वेळ नाही. ह्यांची सगळी गटारं वर."

मामा चहाच्या कपात बघत राहिला.

आम्ही वर गेलो. रस्ता, मी आजवर बघितलेल्या बंद खाणींमध्ये, सर्वांत नीट होता. मोऱ्यांची तोंडं मोकळी, रस्ता डोंगराच्या बाजूला उतरता, कडेचा बांध कुठे खचलेला नाही. मामा पुढे चालत होता आणि फावड्याच्या टोकानं एखादा दगड उगाच इकडचा तिकडे करत होता. पहिलं तळं अर्धं भरलेलं, दुसरं अर्ध्याच्या वर. तिसरं तळं सातव्या वळणाच्या खालचं. त्यात गाळच नव्हता. तळाशी गवत उगवलं होतं, आणि त्यात पिवळी फुलं.

"बघ, ह्याला म्हणतात काम," सोसेफो म्हणाला.

वर सगळा उघडा लाल डोंगर, अकरा पावसाळे होऊन गेलेले, आणि तळ्यात फुलं. मला ती फुलं आवडली नाहीत.

नव्या रस्त्यानं फेरा घालून सातव्या वळणाच्या वरच्या खांबाशी आलो, तर धुकं होतं. खांबावरची गवताची गाठ ओली होऊन काळी दिसत होती. खांबापासून चार पावलांवर एक पालथी बादली होती, बूड बसून बसून चकचकीत झालेली. मामा सरळ जाऊन तिच्यावर बसला. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. त्या बसण्यातच मला त्याचे गुरुवार कळले.

मग मी आवाज ऐकला.

धुग, धुग, धुग. थांबून पुन्हा धुग, धुग. लांब कुठेतरी उभं केलेलं जड इंजिन रिकामं चालावं, तसा. लांब, पण खालून. बुटांच्या तळव्यांतून वर चढणारा.

सोसेफोनं छातीवर क्रूस काढला. "मला हा तीन वर्षं ऐकू येतोय," तो हळूच म्हणाला. "कुठल्या रकान्यात लिहायचा, तू सांग."

"ऐकलंस, पोरी?" मामा म्हणाला. त्याचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "इंजिन अजून थंड आहे. सकाळी असंच असतं. पाऊस झाला की जोर धरतो. सेलेस्तँला सवयच होती, यंत्र बंद म्हणून करायचा नाही. मी किती शिव्या दिल्या त्याला, डिझेल काय तुझ्या बापाचं का म्हणून."

मी आठ वर्षांची असते तर ओरडत खाली पळाले असते. पण त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. पाऊस झाला की जोर धरतो.

मी खांबाच्या अलीकडे उकिडवी बसून गटार बघितलं. सकाळच्या भुरभुरीचं दोन बोटं पाणी त्यातून वाहत होतं. लाल, दाट पाणी. ते खांबापलीकडे गेलं, एका झुडपाच्या मागे गेलं. त्या झुडपाच्या पुढचं गटार कोरडं होतं. स्वच्छ, गाळ नाही. दगडांवर वर्षानुवर्षांचं वाळलेलं शेवाळ.

"मामा," मी म्हणाले, "पाणी आत जातंय आणि बाहेर येत नाही."

त्यानं फावडं मांडीवर आडवं घेतलं.

"रस्त्याखाली पोकळी झालीय. पाणी तिच्यात पडतं, तुंबतं, सुटतं, पुन्हा पडतं. हा त्याचा आवाज आहे. आणि ते जाऊन जाऊन ढिगाऱ्यात जातंय. मामीचा झरा तोच. ढिगारा आतून भिजतोय. एका मोठ्या वादळात तो सगळा खाली बसेल, शाळेवर."

"हे तुला फ्रान्समध्ये शिकवलं?"

"हो."

"तिथे मेलेल्या माणसांबद्दल काय शिकवतात?"

सोसेफो धुक्यात कुठेतरी बघत होता.

"तू म्हणतेस तसं पाणी वळवलं," मामा म्हणाला, "तर हा थांबेल?"

"हो."

"मग मी गुरुवारी कुठे जाऊ?"

त्यानं विचारलं ते रागानं नव्हे, पत्ता विचारावा तसं. मी खात्याच्या गोष्टी बोलायला लागले. आम्ही नोटीस काढू, कंपनी यंत्रं पाठवेल. सोसेफोनंच मला तोडलं.

"फेब्रुवारी उजाडेल, सोला. आणि पाऊस डिसेंबरात. शिवाय ही गाठ असेपर्यंत कुठला यंत्रवाला इथे येईल?" तो मामाकडे वळला. "दादा, हे तुमच्या हातात आहे. आमच्या कागदाच्या नाही."

"दाखव," मामा मला म्हणाला. "तुझं म्हणणं तोंडानं सांगू नकोस. दाखव."

आमच्या पेटीत पाण्याची वाट शोधायचा रंग असतो. मी मुठीएवढी बाटली काढली आणि खांबाच्या अलीकडे गटारात रिकामी केली. लाल पाण्यात एक भडक हिरवी रेघ उठली, आमच्याकडच्या हिरव्या पाली चमकतात तशी. ती झुडपामागे गेली आणि नाहीशी झाली.

आम्ही वाट बघत राहिलो. धुकं खाली उतरत होतं. मामा बादलीवर हात गुडघ्यांत घालून बसला होता आणि जमिनीतून ते धुग, धुग येत होतं. एकदा ते मध्येच बराच वेळ थांबलं. आम्ही तिघांनीही श्वास धरला होता, हे ते पुन्हा सुरू झाल्यावर कळलं.

चाळीसेक मिनिटांनी मामाच्या खिशात फोन वाजला. मामी इतकी ओरडत होती की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"एव्हारिस्त! झरा हिरवा झालाय! माझी सगळी पांढरी चादर हिरवी! खाली ये लवकर, हे काहीतरी भलतंच आहे! तुम्ही काय केलंत वर?"

"काही नाही," मामा म्हणाला. "पाण्यातून बाहेर हो. शाळेत जा आणि मास्तरणीला सांग, पोरांना ढिगाऱ्याकडे सोडू नको."

त्यानं फोन खिशात ठेवला, उठला, आणि खांबाशी गेला. एकोणीस वर्षांची गाठ बोटांनी सुटेना. त्यानं दातांनी ओढली. गवत खाली टाकलं नाही, सदऱ्याच्या आत छातीशी ठेवलं.

"माझ्या मागे. माझ्याच पावलांवर. सोसेफो, तू अजिबात नाही. तुझ्या एका पायात आपण सगळे खाली."

तो फावड्याच्या दांड्यानं जमीन ठोकत पुढे गेला. ठक, ठक. मग दांड्याचा आवाज बदलला, ढब झाला, ढोलासारखा. मामानं हात मागे करून मला थोपवलं. रस्त्याची कातडी तिथे वीतभर उरली होती. ट्रक सोडा, बैलही पेलला नसता. गाठीमुळे इतकी वर्षं इथे कुणी बघितलं नाही, आणि गाठीमुळेच कुणी गेलंही नाही. मला वाटतं, मामालाही तेच सुचलं असावं. आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली. हे भोक सेलेस्तँच्या आधीपासून असलं तर? कड सुटली ती ह्याच्यामुळे असली तर? ती गोष्ट मी आजपर्यंत मामाला सांगितलेली नाही.

झुडपामागे भोक होतं. माणूस उतरेल एवढं. आम्ही दोघं पोटावर आडवे झालो आणि मी बॅटरी आत धरली.

खाली कापडं होती.

वाहून आलेली, एकावर एक साचलेली, सगळी गाळानं लाल झालेली. आणि ती चुरगळलेली नव्हती. पाण्यानं त्यांना पसरून सपाट केलं होतं, कडेला कड लावून. कुणीतरी निजायला अंथरल्यासारखी. बाजूच्या भिंतीवरून पाणी पडत होतं, धुग, धुग, आणि वरचं कापड प्रत्येक वेळी जरासं फुगून खाली बसत होतं.

मामा बोटानं दाखवायला लागला. "ती पट्ट्यांची लुईझाची. ती चर्चच्या बायकांनी दिलेली. ती तुझी, तू फ्रान्सला गेलीस त्या वर्षीची." तो बराच वेळ शोधत होता. "तुझ्या आईची निळी नाही."

सर्वांत जुनं कापड सर्वांत आधी पुढे वाहून गेलं असणार. मी हे बोलले नाही.

मग मामानं तोंड भोकाच्या कडेला नेलं. मला वाटलं, फुंकर घालणार. त्यानं उलट केलं. ओठ बारीक करून तो हवा आत ओढत गेला, किती तरी वेळ, खांदे वर येईपर्यंत. अशी कुठली रीत आमच्यात नाही. मी कुणाकडूनही ऐकलेली नाही. तो बाजूला झाला तेव्हा त्याचं तोंड लाल पाण्यानं भिजलं होतं. तो म्हणाला, "चल. माती आण."

दुपारपर्यंत आम्ही भोकाच्या वरच्या अंगाला गोण्या रचून, माती ठोकून पाणी अडवलं आणि जुन्या गटाराचं तोंड उघडलं. सोसेफो अलीकडून गोण्या भरून फेकत होता आणि वालिसच्या भाषेत काहीतरी गात होता, बहुधा भीतीनं. पाणी वळलं, वाळलेल्या शेवाळावरून चाचपडत गेलं आणि तिसऱ्या तळ्याकडे उतरलं. रस्त्याखालचा आवाज हळू झाला. दोनदा अडखळला. मग एकदाच, धुग, आणि बंद.

सोसेफोनं टोपी काढली.

"अखेर बंद केलं त्यानं यंत्र," मामा म्हणाला. आणि बादली उचलून खाली चालू लागला.

डिसेंबरात कंपनीची माणसं आली, कारण आता यायला अडवणारं काही नव्हतं. त्यांनी पोकळी दगडांनी भरली. कापडं बाहेर काढू का, असं त्यांनी विचारलं होतं. मामा नको म्हणाला. मामीचा झरा आटला आणि ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. जानेवारीत वादळ आलं, दोन दिवस, दोन रात्री. ढिगारा जागचा हलला नाही.

पाऊस ओसरल्यावर मी तपासणीला गेले. मामा आधीच तिसऱ्या तळ्याशी उभा होता. फुलं बुडाली होती, तळ्यात लाल गाळ साचला होता, आणि गाळातून एक निळं टोक वर आलं होतं. मामानं फावड्यानं ते अलगद ओढलं. कापड होतं. पांढरी फुलं.

मी त्या डोंगराचा नकाशा काढलेला आहे. पोकळीतलं पाणी ढिगाऱ्यात जात होतं. तिथून ह्या तळ्यात यायला वाट नाही. वरचं गटारही मी दुसऱ्यांदा चालत बघून आले. वाट नाही.

मामानं कापड तळ्याच्या काठच्या स्वच्छ पाण्यात खळबळून पिळलं. सदऱ्यातून त्या गाठीचं अजून जपलेलं गवत काढलं, कापडात ठेवलं आणि घडी घातली. घेणाऱ्यानं काहीतरी परत द्यायचं असतं. आम्ही दोघंही ते बोललो नाही.

"पुढच्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलव," तो म्हणाला. "दुखवटा सुटला म्हणून सांग."

मग त्यानं घडी काखेत धरली, फावडं गाळात उभं खुपसलं आणि दांड्यावर ओल कुठवर चढली ते वाकून बघितलं.

"अर्ध्याच्या वर भरलंय," तो म्हणाला. "लिही."

मी लिहिलं.